‘चार दिवस मेणबत्त्या, मग सारे विसरले’ : दरवर्षी फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, म्हणजे २६/११ च्या मुंबई हल्ल्याचा स्मृतिदिन, आला की एक संदेश मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, २०२५ च्या एप्रिलनंतर त्यात पहलगामचे नाव जोडले गेले, पण दावे तेच राहिले आहेत. हल्ला झाला की लोक चार दिवस मेणबत्त्या लावतात आणि पाचव्या दिवशी सारे विसरून लोकल पकडतात. सरकार समित्या नेमण्यापलीकडे काही करत नाही. जनतेला खरे तर फक्त सूड हवा असतो आणि तो देण्याची भाषा करील त्यालाच ती मत देते. एक विशिष्ट समाज अशा वेळी गप्प बसतो. कसाबला चार वर्षे बिर्याणी खाऊ घातली गेली. आणि जग निषेधाचे पत्रक काढून मोकळे होते, म्हणून संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या नात्यातल्या एका ज्येष्ठ काकांनी हा संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘यात खोटे काय आहे ते सांग.’ काकांचा राग खरा आहे. म्हणूनच एका ओळीत उत्तर देऊन विषय मिटवणे मला पटले नाही.

विसरण्याच्या दाव्यापासून सुरुवात करतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावरच्या गाड्या पुन्हा भरून वाहत होत्या, हे खरे आहे. पण ज्याचा पगार हजेरीवर ठरतो, पहाटे भाजी उचलली नाही तर संध्याकाळी ज्याच्या घरात चूल पेटत नाही, तो कामावर गेला म्हणजे विसरला, असे कसे म्हणता येईल? ‘मुंबई स्पिरिट’ हे कौतुक बातम्यांतून आणि भाषणांतून इतक्या वेळा झाले की २००८ साली ते ऐकून घ्यायला लोक तयार नव्हते. ३ डिसेंबर २००८ रोजी, हल्ला सुरू झाल्यानंतर बरोबर एका आठवड्याने, हजारो माणसे गेट वे ऑफ इंडियाजवळ जमली आणि त्यांचा रोख हल्लेखोरांइतकाच राज्यकर्त्यांवर होता. तोपर्यंत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला होता, ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतातच’ अशा अर्थाच्या विधानामुळे टीकेचे धनी झालेले राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीही पद सोडले होते, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही जावे लागले. आठवड्याभरात तीन मोठी पदे रिकामी होतात, ती लोक गप्प बसल्यामुळे नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. २००९ च्या अखेरीस, विधानसभा निवडणुकीनंतर, आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले आणि त्यावर गेट वेवर कोणी जमले नाही. लोकांचा राग आटला होता. राग आटतोच, तो कोणत्याही समाजात फार काळ टिकत नाही. त्या रागातून नेमकी कोणती मागणी पुढे आली आणि ती कोणी कागदावर उतरवून घेतली, हे पाहायला हवे. पुढचे सगळे मुद्दे मी याच एका कसोटीवर तपासणार आहे.

सरकारने काहीच केले नाही, हा दावा तपासायचा तर आधी २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र जवळून पाहावी लागते. दहा जण कराचीहून निघाले, वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली, तिच्या तांडेलाला ठार मारले आणि रबरी होडीतून ते कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. पाठीवर जड पिशव्या घेऊन उतरणाऱ्या त्या तरुणांना पाहून किनाऱ्यावरच्या कोळी लोकांनी हटकले होते, पण त्यांना उडवून लावण्यात आले. म्हणजे पहिली शंका सामान्य माणसालाच आली होती. ती कुठे, कोणाला आणि किती वेगाने सांगायची याची व्यवस्था मात्र नव्हती. त्यानंतर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत सामानावर बसलेल्या माणसांवर एके-४७ मधून गोळीबार झाला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या पोलिसांकडे काठ्या आणि जुन्या पद्धतीच्या रायफली होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, तीही काठीच्या बळावर. दिल्लीजवळच्या मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मुंबईत पोहोचून कामाला लागेपर्यंत २७ तारखेची सकाळ उजाडली होती.

या एकेका उणिवेवर नंतर काय झाले, ते क्रमाने पाहता येते. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे राष्ट्रीय सुरक्षा दलाची केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो दल उभारले. किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंतच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली, संयुक्त नियंत्रण केंद्रे निघाली, सागर प्रहरी बल स्थापन झाले आणि सागरी पोलीस ठाण्यांची संख्या वाढली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, बोटींची नोंदणी सक्तीची झाली, राज्याराज्याच्या बोटींना वेगवेगळे रंग ठरवले गेले. आज कोकणातला एखादा खलाशी समुद्रात जाताना कार्ड जवळ बाळगतो, त्यामागे २६/११ आहे. संसदेने डिसेंबर २००८ मध्येच राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा मंजूर केला, ज्यामुळे दहशतवादाच्या गुन्ह्याचा तपास राज्याच्या संमतीची वाट न पाहता केंद्रीय संस्थेला हाती घेता येऊ लागला. राज्यातल्या त्रुटींची चौकशी राम प्रधान समितीने केली. समित्यांची टिंगल करणे सोपे आहे, पण त्रुटी नेमकी कुठे होती हे लिहून निघाल्याशिवाय तिच्यासाठी पैसा मागता येत नाही.

हे सगळे पुरेसे झाले, असे मी म्हणत नाही. वीस मीटरपेक्षा मोठ्या बोटींवर स्वयंचलित ओळख यंत्र सक्तीचे झाले, पण आपल्या किनाऱ्यावरच्या बहुसंख्य मासेमारी होड्या त्याहून लहान आहेत. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना २०१२ मध्ये राज्यांच्या विरोधामुळे अडली, आणि तो विरोध सर्वस्वी चुकीचा होता असेही मला वाटत नाही, कारण अटकेचे अधिकार गुप्तचर यंत्रणेच्या हाती जाण्याची भीती निराधार नव्हती. एका मोठ्या रेल्वे स्थानकात मी अलीकडेच पाहिले : धातुशोधक चौकट प्रत्येक माणसामागे वाजत होती, बाजूच्या खुर्चीवर कोणी नव्हते आणि लोक तिला वळसा घालून जात होते. संदेशात ही चौकट असती तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता. ‘काहीच झाले नाही’ या वाक्याने मात्र वाजणाऱ्या चौकटीबद्दल जाब विचारण्याचीही सोय उरत नाही.

याच ओघात संदेशाची आणखी एक ओळ येते की, कडक कायदा हाच उपाय आणि तोच लोकांना हवा असतो. हल्ल्यानंतरच्या महिन्यात तो हवा असतो, हे खरे. २००८ मध्ये बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडीची तरतूद झाली, तेव्हा विरोधाचा सूर क्षीण होता. पण याआधीचा ‘टाडा’ १९९५ मध्ये मुदत न वाढवता संपू द्यावा लागला आणि संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ मध्ये आलेला ‘पोटा’ २००४ मध्ये रद्द झाला, कारण दोन्हींच्या गैरवापराच्या तक्रारी साचत गेल्या होत्या. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सर्व बाराही आरोपींना निर्दोष ठरवले; सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती आणली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली त्यांना एकोणीस वर्षांनंतरही गुन्हेगार कोण, याचे पक्के उत्तर मिळालेले नाही. घाईने केलेल्या तपासाची किंमत शेवटी पीडितच मोजतात, हे मला या संदेशाच्या लेखकाला फार कळकळीने सांगावेसे वाटते.

आता सूड आणि मतदान यांचा मुद्दा. मुंबईत चकमक चालू असतानाच, २९ नोव्हेंबर २००८ रोजी सकाळी, दिल्लीत विधानसभेचे मतदान सुरू झाले. विरोधी भाजपने दहशतवादावर सरकार नरम असल्याचा प्रचार ऐन त्या दिवसांत जाहिरातींतून केला होता. तरीही शीला दीक्षित तिसऱ्यांदा निवडून आल्या. राजस्थानात काँग्रेस सत्तेवर आली, मध्य प्रदेशात भाजपने सत्ता राखली. म्हणजे लोकांनी आपापल्या राज्याचा हिशेब केला. सहा महिन्यांनी लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांनाच मिळाल्या, ताज आणि ओबेरॉय ज्या मतदारसंघात येतात त्या दक्षिण मुंबईतही, आणि तिथे निम्म्याहून अधिक मतदार तर घराबाहेरच पडले नव्हते. २०१९ मध्ये पुलवामा आणि बालाकोटनंतर राष्ट्रीय सुरक्षा हा प्रचाराचा मोठा विषय झाला, हेही तितकेच खरे आहे. एकाच देशात, दहा वर्षांच्या अंतराने, दोन वेगळी चित्रे दिसतात.

बाहेरच्या देशांतही हेच दिसते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याआधी अमेरिकेत अध्यक्ष बुश यांच्या कामावर समाधानी असलेल्यांचे प्रमाण गॅलप संस्थेच्या चाचणीत ५१ टक्के होते, ते दोन आठवड्यांत ९० टक्क्यांवर गेले आणि नंतरच्या वर्षांत घसरत घसरत निम्म्याच्याही बरेच खाली आले. याउलट स्पेनमध्ये ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मारली गेली आणि तीनच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला. तिथल्या सरकारने पहिल्या दिवसापासून बास्क फुटीरतावादी संघटनेकडे बोट दाखवले, तपास मात्र अल कायदाच्या विचाराच्या गटाकडे जात होता, आणि आपल्यापासून काही लपवले जात आहे अशी लोकांची भावना झाली. हल्ल्यानंतर माणसे सरकारभोवती एकवटतात, पण त्या काळात सरकारने खरे सांगावे ही त्यांची अपेक्षाही तितकीच तीव्र असते. ‘जनतेला फक्त सूड हवा’ या दाव्यात ही दुसरी अपेक्षा गाळली गेली आहे.

‘तो समाज गप्प बसतो’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपते, कारण ते धडधडीत खोटे आहे. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा देण्यास नकार दिला. मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षाहून अधिक काळ पडून राहिले आणि जानेवारी २०१० मध्ये अज्ञात ठिकाणी पुरले गेले. त्या डिसेंबरच्या बकरी ईदला अनेकांनी काळ्या फिती लावून नमाज पढला. टर्मिनसवर मेलेल्यांत मुस्लिम प्रवासीही होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते आणि पर्यटकांना वर घेऊन गेलेला एक स्थानिक घोडेवालाही होता. दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात बंद पाळला गेला. दुकानदारांनी स्वतःहून शटर खाली ओढली आणि मशिदींतून हल्ल्याचा निषेध झाला. त्याच आठवड्यात देशाच्या काही शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना दमदाटी झाली. हल्ला समाजात फूट पाडू शकतो, ती शक्यता खरी आहे. ती प्रत्यक्षात आणण्याचे काम असे संदेश करतात.

बिर्याणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे युक्तिवादाची गरजच नाही. २६/११ खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी मार्च २०१५ मध्ये जयपूर येथे स्वतः सांगितले की, कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही गेली नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीचे वातावरण तयार होऊ लागले होते, ते मोडण्यासाठी आपण ती गोष्ट रचली. दहा वर्षे उलटली, तरी कबुली मागे राहिली आणि बिर्याणी पुढे चालली आहे. खटल्याचे म्हणाल तर, ६ मे २०१० रोजी, म्हणजे हल्ल्यानंतर दीड वर्षाच्या आत, विशेष न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपींना सोडलेही.

या खटल्याने आपल्याला फाशीहून मोठी एक गोष्ट मिळवून दिली, आणि तिथूनच ‘जग काही करत नाही’ या दाव्याचे उत्तर सुरू होते. ओंबळे यांनी कसाब जिवंत पकडून दिला नसता, तर पाकिस्तानने हात झटकले असते. सुरुवातीला तसे झालेच. जानेवारी २००९ मध्ये भारताने पुराव्यांची फाइल सुपूर्द केल्यानंतर मात्र कसाब आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला मान्य करावे लागले, आणि फेब्रुवारीत तिथले अंतर्गत खाते सांभाळणारे रेहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याआधी, ९ डिसेंबर २००८ रोजी, परराष्ट्र राज्यमंत्री ई. अहमद यांनी सुरक्षा परिषदेत जमात-उद-दवावर बंदीची मागणी केली होती आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेच्या निर्बंध समितीने ती संघटना हा हल्ला घडवणाऱ्या लष्कर-ए-तैयबाचेच दुसरे नाव असल्याचे नोंदवून तिचे म्होरके हाफिज सईद आणि झकी-उर-रहमान लखवी यांची नावे यादीत घातली.

यादीत नाव गेले म्हणजे माणूस तुरुंगात गेला, असे नाही. सईदला लाहोर उच्च न्यायालयाने २००९ च्या जूनमध्ये नजरकैदेतून सोडले, लखवी २०१५ मध्ये जामिनावर बाहेर आला आणि त्यावर निर्बंध समितीने जाब विचारावा, ही भारताची मागणी चीनने अडवली. काकांचा राग इथे पूर्णपणे रास्त आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३७३ करून प्रत्येक सदस्य देशावर दहशतवादाचा पैसा रोखण्याचे बंधन घातले होते, आणि त्याच सुमारास पॅरिसच्या एफएटीएफ या आर्थिक गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने हा विषय आपल्या कक्षेत घेतला होता. जून २०१८ मध्ये तिने पाकिस्तानला ‘ग्रे लिस्ट’मध्ये, म्हणजे वाढीव देखरेखीखालच्या देशांच्या यादीत, टाकले आणि पूर्ततेसाठी मुद्द्यांची यादी हातात दिली : कोणावर खटले भरले, कोणाची मालमत्ता जप्त केली, ते दर काही महिन्यांनी दाखवा. आधीच कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या देशाला हे परवडणारे नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये सईद, जानेवारी २०२१ मध्ये लखवी आणि २०२२ मध्ये, मेला असल्याचे ज्याच्याबद्दल सांगितले जात होते तो साजिद मीर, तिघांनाही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल पाकिस्तानातच शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान त्या यादीतून बाहेर पडला, आणि त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईत ताजमध्ये भरली, तेव्हा हल्ल्याच्या वेळी नरिमन हाउसमधल्या हल्लेखोराला फोनवरून सूचना देणारा त्याच मीरचा आवाज सदस्यांना ऐकवण्यात आला.

जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहरचे नाव सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत जायला २००९ ते १ मे २०१९ इतका काळ लागला आणि तोपर्यंत चीनने ते वारंवार रोखून धरले. पहलगामनंतर २५ एप्रिल २०२५ रोजी सुरक्षा परिषदेचे निवेदन आले, त्यात हल्ल्याची जबाबदारी आधी घेतलेल्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’चे नाव नव्हते, जुलैमध्ये अमेरिकेने त्या संघटनेला दहशतवादी ठरवले. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि त्याचा साथीदार असल्याचा आरोप असलेल्या तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत आणण्यात आले, हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. या प्रत्येक ठिकाणी नाव, पुरावा आणि कलम असलेली मागणी वर्षानुवर्षे रेटली गेली, म्हणून काही हाती लागले. जिथे मागणी व्याख्येच्या वादात अडकली, तिथे हाती काही लागले नाही : दहशतवादाविरुद्ध सर्वंकष आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये मांडला आणि दहशतवादी कोणाला म्हणायचे यावर एकमत नसल्याने तो आजही रखडला आहे.

काकांना मी हे सगळे लिहून पाठवले आहे. संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर बिर्याणीची ओळ काढून तिच्या जागी एक खरी ओळ घालावी, अशी विनंती केली आहे : पाकिस्तानात लखवीसह सात जणांवर २००९ मध्ये २६/११ च्या कटाचे आरोप निश्चित झाले, तो खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची मे २०१३ मध्ये इस्लामाबादमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, आणि १६६ माणसांच्या खुनाचा निकाल त्या न्यायालयाने अजून दिलेला नाही.